रँग्लरांच्या घरातली मुलगी



पदवीपत्रावर एकच नाव छापलेलं असतं. त्या नावाला इथवर पोचवण्यासाठी ज्यांनी आपल्या घरात जागा दिली आणि आपला वेळ दिला, त्या आप्तांबद्दल मला बोलायचं आहे. त्यातही जे आता नाहीत, त्यांच्याबद्दल.

कोकणातल्या मुर्डीचा रघुनाथ परांजपे मुंबईत शिकायला राहिला तो धोंडो केशव कर्व्यांकडे. नात्याने भाऊ, वयाने 18 वर्षांनी मोठे. कर्व्यांचा संसार शिकवण्यांवर चालायचा, आणि त्या मिळकतीतलाही काही भाग ते आपल्या मुरूड गावाच्या फंडासाठी बाजूला काढायचे. अशा घरात त्यांनी या मुलाला आपलं म्हटलं. 1899 साली तो केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर, झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय.

रँग्लर परांजपे पुढे पुण्यात फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि त्यांच्याही घरात एक परकी मुलगी आली. इरावती करमरकर. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात दाखल झालेली. तिथे रँग्लरांच्या मुलीशी, शकुंतलेशी, मैत्री जमली आणि शकुंतलेच्या आईने तिला घरी ठेवून घेतलं. कर्व्यांशी नातं पुढे जुळलं, त्यांच्या मुलाशी, दिनकरशी, तिचं लग्न झालं तेव्हा.

रँग्लर कट्टर बुद्धिवादी, देवधर्म न मानणारे. त्यांच्या घरात वाढलेली इरावती मोठेपणी पालखीबरोबर पंढरीची वाट चालली आणि त्यावर तिने ‘वाटचाल’ लिहिलं. मला यात त्या घराच्या संस्कारांचा पराभव दिसत नाही. उलट तिथे ती किती मोकळेपणाने वाढली असेल, ते दिसतं. बर्लिनमध्ये डॉक्टरेट करतानाही तिने कवट्या मोजल्या, आणि मार्गदर्शकाचं वंशाबद्दलचं गृहीतक त्या मोजमापांत टिकलं नाही, तर तसंच लिहिलं. विशीतली, परदेशातली विद्यार्थिनी! हे बळ एका दिवसात येत नाही. लहानपणी कुणीतरी तुमचं म्हणणं मनापासून ऐकून घेतलेलं असावं लागतं.

मी माझ्या मावशीकडे राहून शिकलो. तू पुढे कोण होणार, असं तिने मला कधी विचारलं नाही. रोज रात्री ताटं वाढताना “आज काय शिकवलं रे?” एवढंच विचारायची, आणि मी सांगेन ते सगळं ऐकायची, तिला कळो न कळो. ती गेली त्याला बराच काळ झाला. आजही नवं काही वाचलं की पहिल्यांदा तिला सांगावंसं वाटतं.

रँग्लर परांजपे 1966 च्या मे महिन्यात गेले. इरावतीबाईंचं ‘युगान्त’ 1967 साली प्रसिद्ध झालं आणि पुढल्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या घराने या बुद्धीला वाव दिला, त्या घरच्या कर्त्या माणसाला ते पुस्तक हातात घेता आलं नाही.

तुमच्यातही असे आप्त गमावलेले काहीजण असतील. ज्या आत्याने फी भरली, ज्या मामांनी पहिल्यांदा ग्रंथालयाची पायरी दाखवली, ते आज पालकांच्या रांगेत नसतील. त्यांच्या घरी अजून कुणी असेल, तर या आठवड्यात तिथे जाऊन या. पेढे न्या, पदवीपत्रही न्या. आणि जरा निवांत बसून, तुम्ही नेमकं काय शिकलात ते त्यांना सांगा.