ऑनलाइन दुकानाची झाडलोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ऑनलाइन दुकानाविषयी मी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा आमच्या घरी थोडी थट्टा झाली. सातवी झालेली बाई वेबसाइटवर काय बोलणार? पण मी म्हणते, कोणता वाणी चांगला आणि कोणाच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकावयाचे नाही, हे आपणांस कोणत्या शाळेत शिकविले होते? वेबसाइट म्हणजे दुकानच. फरक इतकाच, की तेथे वाणी समोर उभा नसतो. गिऱ्हाइकाच्या मनात येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते.

आपल्या गटाची वेबसाइट एका गृहस्थांकडून करून घेतली होती, हे सर्वांना ठाऊक आहे. फुलांची नक्षी काय, फिरणारी चित्रे काय, दिसावयास अगदी लग्नाची पत्रिका! पण पान उघडेपर्यंत गॅसवरचे दूध उतू जाई. आणि पदार्थाखाली मजकूर काय, तर 'भाजणी, उत्तम प्रतीची'. अहो, पण कसली भाजणी? चकलीची की थालिपिठाची? थालिपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरी. तिच्या चकल्या पाडावयास गेले तर तुकडे पडणारच. मागल्या दिवाळीत दोन-तीन घरी तसेच झाले आणि बोल लागला आपल्या मालाला. एका मुलीने तर फोनवर विचारले, "काकू, मेतकूट पाण्यात कालवून प्यायचे का?" मला हसू आले नाही. मऊ भातावर तूप-मेतकूट वाढणारे तिच्या घरी कोणी नसेल. ते सांगणे आपल्या पानाचे काम.

दिवाळी सरली तेव्हा भाजणीचे अकरा डबे शिल्लक होते. कोणाचे ते सांगत नाही. पण त्यांतल्या दोघींनी त्या पैशांवर मुलांची फी धरली होती. दुरुस्ती सांगावी तर ते गृहस्थ प्रत्येक वेळी वेगळे पैसे मागत आणि चार-चार दिवस फोन उचलीत नसत. तेव्हा आम्ही तिघींनी ठरविले, आपणच शिकावयाचे.

शेजारच्या वहिनींच्या कॉलेजातल्या मुलीने दुपारचा एक तास दिला. पहिला आठवडा मी नुसते शब्द वहीत उतरवून घेतले. मग फोटो हाती घेतले. फोनवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दीडदोनशे केबीचा केला की पान झटकन उघडते आणि डोळ्यांना फरक कळतही नाही. प्रत्येक फोटोमागे चार शब्द लिहिण्याची जागा असते. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते शब्द वाचून दाखवितो, आणि शोधणाऱ्यालाही त्यांनीच आपला माल सापडतो. 'थालिपीठ' हा शब्द इंग्रजी लिपीतही घातला, कारण पुष्कळ लोक तसाच टाइप करतात. वजन, घटक, किती दिवस टिकेल, हे सगळे लिहिले. अर्धा किलो भाजणीची थालिपिठे किती, ते स्वतः थापून मोजले. दहा ते बारा होतात.

पुढची गोष्ट जरा नीट ऐका. आमच्या पानावर टपालखर्च अगदी शेवटी दिसे, आणि भेटीच्या वेष्टनाचे तीस रुपये आधीच खूण करून ठेवलेले असत. गृहस्थ म्हणत, सगळेच तसे करतात! पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आधीच केलेली खूण ही गिऱ्हाइकाची संमती धरता येत नाही, आणि एकूण किंमत फोड करून दाखवावी लागते. तक्रार आली तर ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, हेही त्यांतच आहे. २०२३ साली सरकारने अशा फसव्या युक्त्या तेरा प्रकारांत सांगितल्या. न विचारता टोपलीत वस्तू सरकविणे हा त्यांतलाच एक. भाजीवाल्याने असे केले तर आपण त्याला सोडू का?

सगळे झाल्यावर मी फोन सासूबाईंच्या हाती दिला आणि मुकाट्याने शेजारी बसले. काही सांगावयाचे नाही, असा पणच केला होता. त्यांनी 'कार्टमध्ये टाका' वाचले आणि विचारले, "कोणाच्या गाडीत?" त्या दिवशी ते बटण 'विकत घ्या' झाले. इतकी चांगली परीक्षा कोणत्या कॉलेजात होत असेल, मला वाटत नाही.

वयाचे म्हणाल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली महिलादिनी आजीबाईंची शाळा निघाली. साठी उलटलेल्या बाया गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या. आपण तर त्यांच्या मुलींच्या वयाच्या. आणि एकदा शिकून हे संपतही नाही. जानेवारीत पाठ केलेले बटण जूनमध्ये दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसते. मला त्याचा रागही येतो. मग वही काढते.

यंदा दिवाळीच्या आधी लोणची आणि गोडा मसाला यांची पाने लिहावयाची आहेत. दर सोमवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत बसतो. येताना फोन चार्ज करून आणा, चष्मा विसरू नका, आणि आपल्या मसाल्यात काय काय पडते ते कागदावर लिहून आणा. माप गुप्त ठेवावयाचे असेल तर ठेवा. नावे मात्र सगळी हवीत.