तारेची जाडी आणि मानेचा बाक



गेल्या काही वर्षांत गिटार आपल्याकडे गावोगावी पोचली. तालुक्याच्या गावातही वाद्यांच्या दुकानात पेटी-तबल्याशेजारी ती टांगलेली दिसते. मुलं वाढदिवसाला मागतात, आईवडील हौसेनं घेऊन देतात. तीन-चार महिन्यांनी मात्र त्यातल्या बऱ्याच गिटारी कपाटावर जाऊन बसतात. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'बोटं दुखतात.' मग घरातलं कोणीतरी निकाल देऊन टाकतं, 'पोराला चिकाटीच नाही.'

माझं म्हणणं एवढंच, की हा निकाल देण्याआधी त्या गिटारच्या तारांची जाडी आणि तिची मान एकदा तपासून पाहावी. मी वादक नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. ओळीतला एक शब्द बदलला, की मात्रा हलतात आणि अख्खी ओळ पुन्हा जुळवावी लागते, हा आमचा रोजचा अनुभव. गिटारमध्येही एक तार बदलली, की पुढचं बरंच काही पुन्हा जुळवावं लागतं. ते जुळवायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

तारांच्या पाकिटावर दहा, अकरा, बारा असा एखादा आकडा असतो. त्याला 'गेज' म्हणतात. सर्वांत बारीक तार इंचाच्या किती हजारांश भागाइतकी जाड आहे, ते हा आकडा सांगतो. दहाची तार म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, बाराची तार ०.३० मिलिमीटर. दोहोंतला फरक माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. डोळ्यांना तो दिसायचा नाही, पण बोटांना कळतो.

याचं कारण फ्रान्समधल्या मारां मेर्सेन या मठवासी विद्वानानं १६३६ साली लिहून ठेवलं आहे. तारेची लांबी तीच आणि सूरही तोच ठेवायचा असेल, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहाचा वर्ग शंभर, बाराचा एकशे चव्वेचाळीस. म्हणजे जाडी वाढली वीस टक्के आणि ताण वाढला चव्वेचाळीस टक्के! नेहमीच्या गिटारवर दहाची पहिली तार सुमारे साडेसात किलोच्या ओढीनं ताणलेली असते, बाराची सुमारे साडेदहा किलोच्या. सहाही तारांची बेरीज केली, तर दहाच्या संचाची ओढ साठ किलोच्या आसपास जाते आणि बाराच्या संचाची चौऱ्याहत्तरच्या आसपास. सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं. म्हणजे सुमारे दीड पोत्याचा भार त्या सडपातळ वाद्यावर रात्रंदिवस असतो.

हा भार पेलते ती गिटारची मान, जेमतेम दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी. दोरी ओढली की धनुष्य वाकतं, तशी ती तारांच्या ओढीनं पुढे वाकते. ती फार वाकू नये म्हणून मानेच्या पोटात पोलादी सळई बसवतात. तिचं नाव ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतले थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली अशा सळईच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ साली ते मिळालं. सळईच्या टोकाला नट असतो. तो आवळला की मान मागे जाते, सैल केला की तारा तिला पुढे ओढतात. एकीकडे तारा, दुसरीकडे सळई, अशी ही रस्सीखेच. दोन्ही बाजूंचा जोर जुळला, की मान हवी तशी राहते.

मान अगदी सरळ मात्र नको असते. तार थरथरते तेव्हा ती मधल्या भागात सर्वांत जास्त हलते. तिला हलायला जागा लागते, म्हणून मानेला किंचित बाक ठेवतात. तो किती? ०.२ ते ०.३ मिलिमीटर, साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतका. बाक याहून बराच वाढला, तर तारा पडद्यांपासून, म्हणजे फ्रेटपासून, उंच जातात आणि दाबताना बोटं सोलून निघतात. बाक उरलाच नाही, तर तार पडद्यांवर आपटून झणझणते.

माझ्या पुतणीचं उदाहरण सांगतो. पोर नववीत. गिटार नवीकोरी, तारा बाराच्या. शिकवणीला जायला लागली आणि महिन्याभरात बोटांना फोड आले. शिकवणाऱ्यांनी सांगून टाकलं, 'तुझी बोटं गिटारची नाहीत.' पोर रडत घरी आली. कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही दहाच्या तारा आणून चढवल्या. दाबायला हलक्या झाल्या खऱ्या, पण वाद्य झणझणायला लागलं. घरात सगळ्यांचं मत पडलं, की गिटारच खराब निघाली.

शेवटी तिला घेऊन एका दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गिटार सुरात लावली. मग जाडी तार डाव्या हातानं पहिल्या पडद्यावर दाबली, उजव्या हातानं चौदाव्या पडद्यावर, जिथं मान पोटाला मिळते तिथं. अशी दाबलेली ताठ तार म्हणजे फूटपट्टीच. मधे सहाव्या-सातव्या पडद्यावर त्यांनी फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. मोटारसायकलच्या प्लगची फट मोजायला गॅरेजात जे वापरतात, तेच हे गेज. सर्वांत पातळ पातीसुद्धा आत जाईना.

'चाचा, गिटार खराब आहे का?' पुतणीनं विचारलं.

'नाही बेटा,' मिस्त्री म्हणाले. 'तू ओझं कमी केलंस, पण सळई अजून जुन्याच ओझ्याच्या हिशेबानं मान मागे ओढतेय. तिला सांगायला नको का?'

त्यांनी एलन की घातली आणि सळई पाव आटा सैल केली. फक्त पाव. पुन्हा तारा सुरात लावल्या, थोडा वेळ थांबले, पुन्हा मोजलं. फट आली होती. झणझण गेली. पोरीनं तिथंच बसून, जो कॉर्ड तिला महिनाभर जमत नव्हता, तो वाजवून पाहिला. पहिल्यांदा स्वच्छ नाही वाजला, तिसऱ्यांदा वाजला.

मिस्त्रींनी त्या दिवशी जो क्रम सांगितला, तो घरात गिटार असलेल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तारा बदलायच्या तर आधी नव्या तारा सुरात लावून एखादा दिवस वाद्य तसंच राहू द्यावं. मग मानेचा बाक पाहावा. त्यानंतर वरच्या टोकाची पांढरी पट्टी पाहावी. तिलाही नटच म्हणतात. जाड तार तिच्या खाचेत अडकते आणि खुंटी फिरवताना 'टक्' आवाज करते. बारीक तार जुन्या रुंद खाचेत सैल बसते. मग ब्रिजवरची उंची. बाराव्या पडद्यापाशी जाडी तार पडद्यापासून सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तार पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असली, तर नवशिक्याला सोसते. उंची फार असेल, तर ब्रिजवरची हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी काढून खालून घासतात. सर्वांत शेवटी सूर : मोकळ्या तारेचा बाराव्या पडद्यावरचा नाजूक उपस्वर आणि तिथंच दाबून काढलेला स्वर एक यायला हवेत.

यातलं काय घरी करावं? मोजावं, पाहावं, ऐकावं. सळईला हात लावायचा असेल, तर एका वेळी पाव आट्याहून जास्त नाही, आणि घट्ट लागली तर जोर करायचा नाही. ती तुटली तर दुरुस्ती मोठी आहे. तारा उंच वाटतात म्हणून सळईच आवळत सुटायचं, हीही चूकच. सळई बाकासाठी, उंची ब्रिजवर. घासकाम जाणकाराकडेच द्यावं, कारण घासलेलं परत येत नाही. आणखी एक. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिचं अंग चाळीसेक किलोच्या ओढीसाठी बांधलेलं असतं आणि मानेत बहुधा सळईही नसते. पोलादी तारांनी ब्रिज उखडतो.

'बारीक तारा म्हणजे नवशिक्यांचा लाड,' असं काही जण म्हणतात. त्यांनी इंग्लंडमधल्या टोनी आयोमी यांची हकीकत ऐकावी. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात ते कामाला होते. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजवा हात सापडला आणि मधल्या दोन बोटांची पेरं गेली. ते डावखुरे वादक, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठांनी त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. जँगो यांची दोन बोटं १९२८ सालच्या आगीत निकामी झाली होती, तरी ते वाजवत राहिले. आयोमींनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. गिटारच्या तेव्हाच्या जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१पासून काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवून आणखी सैल केल्या. त्यातून ब्लॅक सबाथ या त्यांच्या वाद्यवृंदाचा जो खोल, जड आवाज घडला, त्यावर हेवी मेटल नावाचा संगीतप्रकार उभा राहिला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात अर्नी बॉल या दुकानदार-शिक्षकाला दिसलं, की शिकणाऱ्या मुलांना तिसरी जाड तार दाबत नाही. त्यांनी बारीक तारांचे संच बनवून घेतले, आणि ते जगभर गेले. मुलांना चिकाटी नाही, असं म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आपल्याकडे ही समज जुनीच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तंबोरा कोणत्या पट्टीत लावायचा, हे आधी विचारतात. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी जाड तारा, स्त्रियांच्या वरच्या पट्टीसाठी बारीक. तारा बदलल्या की घोडीवर तारेखालचा दोरा सरकवून नवी जागा शोधावी लागते, कधी जवारीच पुन्हा काढावी लागते. गळा तंबोऱ्याला जुळवून घेईल, असं मिरजेत कोणी म्हणत नाही. तंबोरा गळ्याला जुळवतात.

शिवाय आपला पाऊस आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, लाकूड ती पितं आणि फुगतं. गिटारचं पोट किंचित वर येतं, तारा उंच होतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि पडद्यांची टोकं मानेच्या कडेनं बोटांना टोचू लागतात. म्हणून मे महिन्यात ठीक असलेली गिटार ऑगस्टमध्ये बिघडल्यासारखी वाटते. ती बिघडलेली नसते. ऋतू बदललेला असतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, मानेचा बाक पाहून घ्यावा. ऊन लागणारी भिंत आणि बंद मोटारगाडी या दोन जागा गिटारसाठी वाईट.

तेव्हा पुढच्या वेळी मुलासाठी गिटार घ्यायला गेलात, तर रंग आणि किंमत विचारून झाल्यावर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न विचारा : यावर तारा कितीच्या आहेत, आणि मानेचा बाक तपासला आहे का? उत्तर देता आलं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा. आणि घरातलं मूल बोटं दुखतात म्हणालं, तर आधी चौदाव्या पडद्यावर तार दाबून बघा. पोराच्या चिकाटीचा विषय त्यानंतर काढू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)