सीतेची वेणी आणि कपौ फूल : घरातील आमरीचे आजार व उपचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्वानांनी आपापले विषय मांडले. आमच्या वाट्यास कुंडीतले झाड आले. आम्ही वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक नव्हे. पदवी बी. ए.ची, आणि उभा जन्म फायलींत गेलेला. तथापि एक आमरी, म्हणजे ज्याला आपण आज ऑर्किड म्हणतो ते झाड, आमच्या घरात मरणाच्या दारी गेले आणि परत आले. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

गुवाहाटीस आमची बदली झाली तेव्हा कोकणातले घर बंद करून आईही आमच्याबरोबर आली. भाषा अनोळखी, देऊळ लांब. तिचा दिवस जाता जात नसे. चैत्र-वैशाखाच्या सुमारास शेजारच्या अंगणातील आंब्यावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे तुरे लोंबू लागले. आई कठड्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली सीतेची वेणी!" शेजारच्या बाइदेउ त्याच फुलाला कपौ म्हणत. रंगाली बिहूच्या नाचात मुली ते अंबाड्यात माळतात. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प आहे आणि आपल्या सह्याद्रीतही ते फुलते. वादळाने मोडून पडलेल्या एका फांदीवरचे रोप बाइदेउंनी आईला दिले. त्या दिवशी परक्या गावात आईला माहेरचे माणूस भेटले.

आईने ते मातीच्या कुंडीत, माती व शेणखत घालून लावले आणि तुळशीप्रमाणे रोज तांब्याभर पाणी घालू लागली. काही आठवड्यांतच पाने सुरकुतली. झाडाला तहान लागली असे समजून आम्ही दोन वेळा पाणी घालू लागलो. पाने अधिकच मलूल झाली, खालची पिवळी पडून गळाली. "माझ्या हाताचा गुण गेला रे," असे म्हणून आईने गॅलरीत जाणेच सोडले. तेव्हा मात्र आम्ही कुंडी उचलून एका रोपवाटिकेतील वयोवृद्ध माळ्याकडे गेलो. त्याने पानांकडे पाहिलेही नाही. कुंडी उपडी केली आणि मुळे दाखवली. ती काळी पडून कुजली होती.

निदानाचे मर्म येथेच आहे. पाने सुरकुतणे हे तहानेचे लक्षण खरे, पण तहान दोन कारणांनी लागते. एक, पाणी मिळत नाही म्हणून. दुसरे, पाणी मिळूनही ते पिणारी मुळेच उरली नाहीत म्हणून. पाने दोन्ही प्रकारांत सारखीच दिसतात. खरा पुरावा मुळांत असतो. आमरीच्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. कोरडेपणी ते रुपेरी-पांढरे दिसते, भिजले की आतला हिरवा रंग दिसू लागतो. ते पाणी झटकन शोषते, परंतु त्यास हवाही हवी. फांदीवर पावसात भिजणारे मूळ थोड्या वेळात वाऱ्याने सुकते. ओल्या मातीत ते गुदमरते आणि बुरशीचे भक्ष्य होते. मूळ चिमटीत दाबून पाहावे. टणक लागले तर जिवंत. पिचपिचीत किंवा पोकळ लागले आणि साल निसटून आत दोरा उरला, तर मेलेले.

उपचार माळ्याने सांगितला तसा केला. माती धुऊन काढली. कात्री ज्योतीवर धरून निर्जंतुक केली आणि कुजलेला भाग जिवंत भागापर्यंत कापला. तीनच मुळे उरली. कापलेल्या तोंडांवर किंचित दालचिनीची पूड लावली. ती निरोगी मुळांवर पडू देऊ नये, कारण ती मूळ सुकवते. दिवसभर सावलीत ठेवून रोप लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत, कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे घालून बसवले. पहिले काही दिवस मुळांना पाणी नाही. सकाळी भोवती हलका फवारा आणि खेळती हवा एवढेच. खत तर मुळीच नाही; आजाऱ्याला पक्वान्न वाढू नये. काही आठवड्यांनी एका मुळाचे टोक हिरवे होऊन पुढे सरकले. आई पुन्हा गॅलरीत येऊ लागली.

आता घरोघरी फुलासह विकत आणलेली फॅलेनॉप्सिसची कुंडी दिसते. तिच्या तक्रारीही थोडक्यात सांगतो. सर्वांत खालचे एखादे पान संथपणे पिवळे झाले तर ते म्हातारपण आहे; घाबरू नये. पानाच्या वरच्या बाजूस फिकट, कोरडा डाग पडला व तो वाढत नसला तर तो उन्हाचा चटका. कुंडी पडद्याआड सरकवावी. डाग ओलसर, काळपट आणि दिवसागणिक पसरत असेल तर मात्र ती जिवाणूंची कूज. निरोगी भागापर्यंत पान कापावे, कात्री दर वेळी निर्जंतुक करावी, पाने कोरडी ठेवावीत. दोन्ही जातींच्या झाडांना वाढीचा शेंडा एकच असतो. पानांच्या मधल्या गाभ्यात रात्रभर पाणी साचले तर तो कुजतो. म्हणून पाणी सकाळी घालावे आणि गाभ्यातले कापसाने टिपून घ्यावे.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण, तपकिरी टिकल्या दिसल्या तर खवले कीड. स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने पुसावे. अंडी मागे राहतात, म्हणून दर आठवड्यास काही वेळा पुन्हा पुसावे. पाने गर्द हिरवी पण फूल नाही, तर उजेड कमी. कळ्या उमलण्याआधी गळाल्या तर जागेतला एकाएकी झालेला बदल, कोरडी हवा, नाहीतर शेजारी ठेवलेली पिकती फळे हे कारण असते. फळांतून निघणारा वायू कळ्यांना सोसत नाही. सोडणांवर पांढरी पुटे धरली तर ते खताचे क्षार. कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहू द्यावे आणि पुढे खत पाकिटावरील मात्रेच्या चौथाई घालावे. विषाणूच्या रोगास मात्र औषध नाही; इतर झाडांच्या रक्षणासाठी ते झाड काढून टाकावे.

आणखी एक विनंती. रानातल्या झाडावरून आमरी ओरबाडून आणू नये. निळी वांडा व स्लिपर ऑर्किड यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. रोपवाटिकेतील रोप घरात रुजण्याची शक्यताही अधिक. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे; तिकडे जाणे झाले तर अवश्य पाहावे.

पुष्कळ लोक आमरीला बांडगूळ समजतात. तो गैरसमज आहे. बांडगूळ झाडात मुळे घुसवून त्याचा रस पिते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते. पाणी पावसाकडून, अन्न उजेडातून स्वतः मिळवते आणि ऋतू आला की यजमानाच्या अंगावर फुलते. परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळापुढे याहून अधिक बोलण्याचे कारण नाही.

आमच्या टोपलीतील झाडाला तिसऱ्या बिहूस पहिला तुरा आला. तो देवापुढे ठेवावा असे आमचे मत पडले. आईने तो स्वतः खुडला, शेजारी गेली आणि बाइदेउंच्या मुलीच्या अंबाड्यात माळला. दोघींना एकमेकींची भाषा तेव्हाही येत नव्हती.