नाताळची सुट्टी आणि घरचा सोपा बेत

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी मला निरोप धाडला की, वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोलायचे. मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, बावीस वर्षे मुलुंडात संसार केलात, त्यावरच बोला. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता येत्या पंधरवड्यात आपल्या सर्वांच्या घरी जे व्हायचे आहे त्यावर बोलते. मुलांना नाताळची सुट्टी लागेल. ती संपून शाळा सुरू होते न होते तोच भोगी आणि संक्रांत येईल. हे दिवस घरीच, माणसांत, आनंदात आणि स्वयंपाकघरात फार न अडकता कसे घालवावेत, हा माझा विषय.

आपल्या उपनगरांतली थंडी ती काय! २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ७.४ अंशांची नोंद झाली होती, असे मुले पुस्तकात पाहून सांगतात. तशी थंडी आपल्या वाट्याला क्वचितच. पहाटे पाणी भरताना अंगावर शाल घ्यावी आणि नऊ वाजता ती घडी करून ठेवावी, एवढीच आपली थंडी. पण तेवढ्यानेही भूक लागते, घाम कमी येतो आणि गॅससमोर उभे राहणे जरा सुसह्य होते. लोणावळा, माथेरानला जाणाऱ्यांनी अवश्य जावे. परंतु चार माणसांचे जाणे-येणे आणि राहणे म्हणजे महिन्याचा किराणा. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी सुट्टी वाया गेली असे मानण्याचे कारण नाही.

आता खरा मुद्दा. सुट्टी शाळेला असते, कधी कचेरीलाही असते. आपल्याला असते का? मुले घरी म्हणजे सकाळी एक खाणे, दुपारी जेवण, चारला पुन्हा काहीतरी, आणि रात्री ‘आज काय स्पेशल?’ आहेच. शाळेच्या दिवसांपेक्षा सुट्टीत ओट्याशी उभे राहणे दुप्पट होते. केंद्र सरकारने कोणाचा वेळ कशात जातो याची २०२४ साली देशभर पाहणी केली, ती माझ्या मुलीने मला वाचून दाखवली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. जे हातच लावीत नाहीत ते या हिशेबात धरलेले नाहीत. हीच पाहणी २०१९ साली झाली तेव्हा हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली! मी मुलीला म्हटले, हे तर गॅसने आणि मिक्सरने वाचवले असेल, माणसांनी नव्हे.

मी हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. मला स्वयंपाक आवडतो. पण एक गोष्ट मनात घर करून आहे, ती सांगते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. आम्ही पाच भावंडे, शिवाय सुट्टीला चुलत-मावस मिळून पंधरा पाने. आई चुलीपुढे बसून गरम गरम भाकरी ताटात टाकायची आणि आम्ही ओरडत ओरडत खायचो. त्या जेवणांची चव अजून जिभेवर आहे. पण आई गेली त्यानंतर एकदा भावाने विचारले, “आई आपल्याबरोबर पंगतीत बसून जेवलेली तुला आठवते का?” मी खूप आठवले. एकही जेवण आठवले नाही. ती काय खायची, किती खायची, तिला काय आवडायचे, हे आम्हां पाचही जणांना सांगता येईना. तेव्हापासून मी मनाशी ठरवले की निदान सुट्टीच्या दिवशी तरी माझे ताट सर्वांच्या ताटाबरोबर मांडले जाईल. म्हणून माझा बेत मी याच एका कसोटीवर पारखते: सर्वांबरोबर बसता येईल ना? येत असेल तर बेत चांगला.

या कामी हे दिवस आपल्याला मोठी मदत करतात. मंडईत जाऊन पाहा. मटार, गाजरे, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, कांद्याची पात, भरताची वांगी, बोरे, ऊस. सारे ताजे, आणि वर्षातल्या इतर दिवसांच्या मानाने स्वस्त. ताज्या भाजीला वाटणघाटण लागत नाही. म्हणून मी सुट्टीचे चार बेत सांगते. यातले एकही नवे नाही, आपल्या आयाबायांचेच आहेत.

पहिला, भरीत-भाकरीचा. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला हे होतेच, पण तेवढ्यावर थांबू नये. वांग्याला तेलाचा हात लावून, दोन ठिकाणी टोचे मारून गॅसवर भाजावे, साल काढून ठेचावे, त्यात पातीचा कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ घालून वर फोडणी द्यावी. भाकरी बाजरीची. सर्वांना गरम वाढत बसायचे नसेल तर भाकऱ्या आधी करून, पुसून घेतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. हात दुखत असतील तर पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात, त्यात कमीपणा नाही. तीही आपल्यासारखीच एखादी बाई थापते, तिला चार पैसे मिळतात. २०२३ साल तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. आपल्या बाजरीला आता शहरातही मान आला आहे.

दुसरा, घरातली पोपटी. रायगडकडच्या भगिनींना हे सांगायला नको. तिकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. आपल्या सदनिकेत जाळ कुठला करणार? मी जाड बुडाचे पातेले घेते. तळाशी केळीचे पान, वाटीभर पाणी, त्यावर शेंगा, चिरा पाडलेले लहान बटाटे, रताळी, ज्यांना चालतात त्यांच्यासाठी कवचासकट अंडी, ओवा आणि जाडे मीठ. वर पुन्हा पान आणि घट्ट झाकण. अर्धा तास मंद आचेवर. मडक्याचा धुरकट वास येत नाही हे खरे. पण पातेले मध्ये ठेवून वर्तमानपत्राभोवती सगळे गोल बसतात, ज्याची शेंग त्याने सोलायची, ज्याचे अंडे त्याने सोलायचे. वाढायला कोणी उठत नाही. शेंगा सोलताना हात गुंतलेले, त्यामुळे मोबाईलही कोणी उचलत नाही. गेल्या वर्षी याच पातेल्याभोवती माझ्या नववीतल्या मुलाने, शाळेत त्याला काय जड जाते ते आपण होऊन सांगितले. एरवी विचारले तर “काही नाही” एवढेच उत्तर मिळायचे.

तिसरा, मटाराची खिचडी. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, वाटीभर मटार, एक गाजर, चमचाभर गोडा मसाला, हळद, मीठ, सहा वाट्या पाणी आणि कुकरच्या तीन शिट्ट्या. वर तूप, बाजूला पापड आणि लोणचे. चार माणसांचे जेवण पाऊण तासात.

चौथा, बिनपाकाचे तिळाचे लाडू. पाक चुकला तर वडी दगड होते आणि पाक उकळताना मुलांना जवळ येऊ देता येत नाही. त्यापेक्षा दोन वाट्या तीळ भाजून, गार करून मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर फिरवावेत. अर्धी वाटी दाण्याचे कूट, दीड वाटी चिरलेला साधा मऊ गूळ आणि वेलची घालून पुन्हा एकदा फिरवावे. तिळाला तेल सुटते आणि लाडू आपसूक वळतो. चटका नाही, म्हणून घरातली सगळी मुले वळू शकतात. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीचेही तसेच. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात, पण त्या भाजीचे खरे काम सोलण्या-निवडण्याचे. ते आदल्या रात्री सर्वांनी मिळून करावे, म्हणजे सकाळी फोडणी घालायचे तेवढे उरते.

कोणी म्हणेल, “तुमच्या घरची माणसे ऐकतात, आमची नाही ऐकत.” आमचीही पटकन ऐकली नाहीत. यजमान म्हणाले, “सुट्टीच्या दिवशीसुद्धा खिचडी?” सासूबाई म्हणाल्या, “आलेल्या पाहुण्याला काय खिचडी वाढणार?” मी वाद घातला नाही. मटाराची परात दूरदर्शन संचासमोर ठेवली आणि मीही तिथेच बसले. पाच मिनिटांत यजमानांचा हात परातीत गेला. त्यातले निम्मे दाणे तोंडात गेले, पण निम्मे तरी वाटीत पडले. पुढे सासूबाईंनी स्वतःच तीळ निवडायला घेतले, आणि निवडता निवडता त्यांच्या लहानपणच्या गावच्या संक्रांतीच्या गोष्टी निघाल्या. माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली, त्या गोष्टी मी तेव्हा प्रथम ऐकल्या. पाहुण्यांचे म्हणाल तर नणंद आली तीही पातेल्याभोवती बसली, आणि जाताना म्हणाली, “वहिनी, या खेपेला तू दिसलीस गं!”

मुलाला कामाला लावायचे असेल तर त्याला माप द्यावे. ‘अंदाजाने घाल’ म्हटले की तो पळतो. ‘रुचिरा’ लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचे पुस्तक १९७० साली निघाले आणि घराघरांत गेले, ते कशामुळे? त्यांनी सारे वाटी-चमच्याच्या मापात सांगितले म्हणून. नवी सून असो की परगावी एकटा राहणारा मुलगा असो, वाटी सर्वांच्या घरी असते. मी खिचडीचे माप कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले आहे. आता रविवारची खिचडी मुलगा करतो. मीठ कधी कमी पडते, ते वरून घेता येते.

सुट्टीची दुसरी गोडी शेजाराची. माझी धाकटी बहीण अंधेरीला मरोळला राहते. तिच्या शेजारी ईस्ट इंडियन कुटुंब आहे. मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरी इथले हे मूळचे रहिवासी. १८८७ साली त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले, पण घरातली बोली आपल्या मराठीचीच. नाताळात त्यांच्याकडून ताटलीतून फुगिया येतात, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, नावाप्रमाणे फुगलेले. संक्रांतीला बहिणीकडून तिळाचे लाडू जातात. आमच्या मजल्यावर गुजराती शेजारीण आहे, तिच्याकडून त्याच दिवशी उंधियू येतो. दाक्षिणात्य मावशींकडून पोंगल येतो, तोही मुगाच्या डाळीचा, म्हणजे आपल्या खिचडीचा भाऊच. शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करू नये ही आपली रीत. पण तिच्यासाठी चार पदार्थ करण्याची गरज नाही. दोन लाडू ठेवले तरी ताटली भरली.

ज्या भगिनींना पुरणावरणाचा मोठा घाट घालण्यात आनंद वाटतो त्यांनी तो जरूर घालावा. देवाच्या नैवेद्याला मीही कसूर करीत नाही. आणि आपल्यापैकी ज्या दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जातात त्यांना एक सांगणे, दिवसभर दहा माणसांचे करून आल्यावर आपल्या घरी खिचडी टाकली तर मन खाऊ देऊ नका. ज्यांच्याकडे अशी बाई कामाला येते त्यांनी या आठवड्यात तिला भरपगारी एक दिवस सुट्टी द्यावी. त्या दिवशी पोपटीचे पातेले चढवावे, म्हणजे दोन्ही घरी सुट्टी होईल.

माझी मंडळाला एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डबीऐवजी या वर्षी एकेक मापाची वाटी द्यावी, आणि सोबत आपल्यातल्याच एखादीच्या सोप्या पदार्थाचे माप लिहिलेला कागद. कागद फ्रिजवर लागेल, वाटी हाताशी राहील, आणि घरातले दुसरे कोणीतरी ती उचलेल.

येत्या सुट्टीत प्रत्येकीचे ताट सर्वांबरोबर मांडले जावो, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण पुरे करते.