बांधावरून बाजारापर्यंत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस शिक्षणावर बोलण्याची आज्ञा केली होती. जन्मभर खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी? परंतु त्यांची अनुमती घेऊन आम्ही विषय बदलला आहे. आपण माळी मंडळी. सासवड-दिवे परिसरातील अंजीर, सीताफळ, वाटाणा पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आलो. २०१६ साली पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकनही लाभले. पिकविण्याची विद्या आपणांस कोणी शिकवावी असे नाही. मात्र माल तोडल्यापासून तो गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत त्याचे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही, असे आमचे नम्र मत आहे.

घरचीच गोष्ट सांगतो. १९९२ सालच्या उन्हाळ्यात आमच्या ज्येष्ठ बंधूंनी अंजिराच्या पाट्या पुण्यास धाडल्या. त्या दिवशी गावात लग्न होते, म्हणून तोडणीच्या बायका नऊ वाजता आल्या. ऊन चढत असता तोडणी झाली. पाट्या एकावर एक रचून वर ताडपत्री आवळून बांधली. दिवे घाटात टेम्पो अडकला आणि गुलटेकडीस पोचावयास दुपार झाली. ताडपत्री काढली तो खालच्या पाट्यांतून रस गळत होता. आडत्याने भाव पाडला, दोन पाट्या तर उकिरड्यावर गेल्या. बहारावर काढलेले कर्ज तसेच राहिले. बंधूंनी आडत्याशी दोन वर्षे अबोला धरला, आणि घरातील शिकलेला माणूस म्हणून त्यास खरमरीत पत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. ते आम्ही मोठ्या हौसेने केले. आज त्या पत्राची लाज वाटते.

कारण पुढे काही वर्षांनी आमचे डोळे उघडले, आणि ते उघडले एका चौथीतल्या पोराने. भाद्रपदातील दिवस. पावसाने अडकलेल्या एका पालकाने वाटाण्याच्या गोण्या रात्रभर शाळेच्या पडवीत ठेवल्या होत्या. सकाळी त्या पोराने गोणीत हात खुपसला आणि तो ओरडला, "गुरुजी, गोणीला ताप आलाय!" आम्हीही हात घातला. खरोखरच आतला वाटाणा चांगला गरम होता.

बंधुभगिनींनो, तोडलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेत असते. झाडावर असताना पाने आणि मुळे त्यास अन्नपाणी पुरवितात. तोडल्यावर ते आपल्या अंगची साखर जाळून जगते आणि त्या जळण्यातून ऊब निघते. कोंडलेल्या गोणीत ती ऊब बाहेर जात नाही, ऊब वाढली की श्वास वाढतो आणि श्वास वाढला की पुन्हा ऊब. उष्णता १० अंशांनी वाढली की हा श्वास दुप्पट, कधी तिप्पट होतो. वाटाण्याचा श्वास तर फार जलद. त्याची गोडी तोडल्यापासून काही तासांतच उतरू लागते. नासका आंबा अढी नासवितो हे आपण जाणतोच. त्यामागे बुरशी असते, तसेच पिकणाऱ्या फळातून सुटणारा इथिलीन नावाचा वायूही असतो. तो शेजारच्या फळांनाही पिकण्याची घाई लावतो. बंधूंची अंजिरे घाटात नासली असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ती नऊ वाजताच्या उन्हात आणि त्या ताडपत्रीखाली नासली होती.

सभासंमेलनांतून 'चाळीस टक्के माल वाया जातो' असे सर्रास ठोकून दिले जाते. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने प्रत्यक्ष मोजदाद करून २०१५ साली जे आकडे दिले, ते याहून कमी आहेत. टोमॅटोत १२.४४ टक्के, वाटाण्यात ७.४५, आणि सर्वांत अधिक पेरूत, १५.८८ टक्के. २०२२ सालच्या दुसऱ्या पाहणीत टोमॅटोचा आकडा ११.६१ आला. म्हणजे सात वर्षांत सुधारणा झाली ती एका टक्क्याहूनही कमी. शिवाय हा वजनाचा हिशेब झाला. दबलेला, डागलेला म्हणून निम्म्या भावात गेलेला माल त्यात नासाडी म्हणून धरला जात नाही. आपल्या घरचा खरा तोटा तेथेच असतो.

उपाय करावयाचा तर तो तोडणीपासून. पहाटे तोडावे, तोडलेले झाडाच्या सावलीत न्यावे आणि तेथेच निवडावे. फुटलेले, किडके, अति पिकलेले फळ चांगल्यांत एकही जाऊ देऊ नये. ते निराळे काढून त्याच दिवशी सासवडच्या बाजारात विकावे, नाहीतर घरी मुरंबा करावा. वाटाणा ओला असेल तर पसरून, पाणी निथळू देऊन मगच भरावा. टोमॅटोसाठी कॅरेट वापरावे, पण ते काठाच्या वर भरू नये. शीग लावण्याची आपली सवय मोठी चिवट आहे! वरचे कॅरेट खालच्या फळांवर बसते आणि सगळे ओझे फळांनाच पेलावे लागते. दूरच्या बाजारास नुकता रंग फिरलेला टोमॅटो धाडावा. अंजिरास मात्र ही सवलत नाही. ते हिरवे तोडले तर गोडी येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत घाई आणि हळुवारपणा दोन्ही हवीत.

बाजारचा दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. गाड्या उन्हात तासन्‌तास उभ्या राहतात, हमाल माल आदळतात, यासंबंधी मंडळाने अर्ज अवश्य करावा. परंतु अर्जाचा निकाल लागेपर्यंत आपले अंजीर थांबणार नाही.

आणखी एक बोलावेसे वाटते, ज्येष्ठांनी राग मानू नये. काढणीची शिबिरे भरतात, तेथे टोपीवाले पुरुष बसतात. तोडणी करतात ती आपल्या घरच्या आणि मोलाच्या बायका. कोणते फळ दोन दिवस टिकेल, कोणते संध्याकाळीच सुटेल, हे त्यांच्या बोटांस कळते. आमच्या पुतण्याच्या घरी देठासह अंजीर खुडावे, पाटीत दोनच थर लावावे, हा नेम सूनबाईने घातला. आता त्यांच्या पाट्या ओळखीचा आडत्या आधी उघडतो. पुढच्या शिबिराची पहिली रांग भगिनींसाठी राखावी, अशी आमची सूचना आहे.

शीतगृह सर्वांस परवडणारे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेविना चालणारा शीतकक्ष कधीच तयार करून दिला आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर अंतर, त्यात वाळू, वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण. वाळू आणि विटा सकाळ-संध्याकाळ भिजवावयाच्या. माठातले पाणी गार होते तसाच हा प्रकार. ऐन उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश कमी उष्णता राहते आणि सुमारे १०० किलो माल मावतो. पावसाळी हवेत त्याचा गुण कमी येतो हेही सांगून ठेवतो.

असा एक कक्ष आम्ही परसात बांधला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे. संध्याकाळी पाचच्या सुमारास आलात तर मात्र वाळू भिजविण्याची झारी तुमच्या हाती देऊ.