माघात कोणती भाजी लावावी?



संक्रांत होऊन गेली. पहाटे अजून घोंगडं सोडवत नाही, विहिरीत पाणी आहे, कांद्याची लागण उरकली आहे. दोन-चार गुंठे रान मोकळं दिसतं आणि मनात येतं, की एवढ्यात फ्लॉवर किंवा कोबी लावून टाकावा. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

आमचं रान पुरंदर तालुक्यात, सगळं मिळून दीड एकर. २०२१ साली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी चार गुंठ्यांत फ्लॉवर लावला. रोपं सुमारे दोन हजार, जात स्नोबॉल. रोपं विकणारा म्हणाला, "अजून थंडी आहे, चालतंय." मलाही तेच ऐकायचं होतं. फेब्रुवारीभर पीक असं हिरवंगार, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मार्चमध्ये दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि गड्डे धरायची वेळ नेमकी तीच. धरले ते लिंबाएवढे, पिवळट, सुटे-सुटे. काहींच्या मधून पानंच बाहेर आली. विहीर तेव्हा दिवसाला दीड तास चालायची. त्यातला तासभर या फ्लॉवरनं प्यायला आणि गुरांचा घास वाळून गेला. कडबा विकत आणावा लागला. घरच्या मंडळींनी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

चूक कुठं झाली? मी लावायच्या दिवसाची थंडी बघितली. बघायला हवी होती गड्डा धरायच्या दिवसाची. स्नोबॉल फ्लॉवरचा गड्डा चांगला होतो तो साधारण १० ते १६ अंशांत. वाटाण्याचंही तसंच, फुलावर ऊन आलं की शेंगा धरत नाहीत. गाजर उन्हात आखूड राहतं, रंग फिका पडतो. कोबीच्या काही संकरित जाती ऊन सोसतात, पण पाणी तर त्यांनाही लागतंच. तेव्हा बी घेण्याआधी बोटांवर दिवस मोजा. पीक हाती यायला ६० दिवसांच्या वर लागत असतील, तर ते पुढच्या कार्तिकासाठी ठेवा.

मग माघात लावायचं काय? ४५ दिवसांच्या आत घरात येतं ते. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते. पालकाची पहिली कापणी महिन्या-सव्वा महिन्यात होते, आणि जमिनीपासून दोन बोटं राखून कापला तर पुन्हा फुटतो. कोथिंबीर ४० दिवसांच्या आसपास. मुळ्यात पुसा चेतकी ही जात ऊन सोसते आणि ४० ते ४५ दिवसांत तयार होते. मात्र मुळा वेळेवर उपटा, आठ दिवस राहिला की आतून पोकळ पडतो.

बियाणं गुंठ्याला मेथी किंवा पालक पाव किलो, मुळा १०० ग्रॅम. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवून पेरा. अख्खे धने टाकून "उगवलंच नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत.

सगळा वाफा एका दिवशी पेरू नका. दोन गुंठ्यांचे चार तुकडे करा आणि दर आठवडी बाजाराला एक तुकडा पेरा. एकदम पेरलेली मेथी एकदमच निघते. मग जुड्या पडेल त्या भावात जातात, नाहीतर गुरांपुढं. तुकड्यानं पेरलं तर घरच्या भाकरीबरोबर रोज भाजी होते आणि बाजारालाही दरवेळी एक पाटी निघते. शेवटचा तुकडा फेब्रुवारीअखेरच्या आत पेरून मोकळं व्हा.

बांधावर शेवगा किंवा हादगा असेल तर त्याच्या पूर्वेच्या अंगाला वाफे करा, म्हणजे दुपारनंतर सावली मिळते. मुळ्याच्या ओळींत उसाचं पाचट पसरा. पाणी संध्याकाळी द्या, थोडं आणि लवकर लवकर.

या दिवसांत मावा येतो. पालेभाजी महिन्यात पोटात जाणारी, कोथिंबीर तर कच्चीच खायची. तिच्यावर जहाल औषध मारू नका. वाळल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा. पंपापुरतं हवं तर १० लिटरला अर्धा किलो भरड धरा. फवारणी ऊन उतरल्यावर करा, पानांच्या खालच्या बाजूला पोचेल अशी.

भाजी काढायची ती पहाटे, दव असताना. जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून पाटीत उभ्या ठेवा, बाजारात पोचेपर्यंत माना टाकत नाहीत. आणि विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली आजच मोजून ठेवा. पुन्हा आठ दिवसांनी मोजा, मगच दुसरा तुकडा पेरायचा का ते ठरवा.