गोठलेल्या मातीतला कार्बन



 ही गोष्ट चार लाख वर्षांपूर्वीची आहे.

सायबेरियात लेना नदीच्या खोऱ्यात एक गुहा आहे. तिच्यात चुन्याचे सुळके आहेत. असा सुळका वाढायचा तर वरून पाणी झिरपायला हवं, आणि तिथली जमीन तर बारमाही गोठलेली. मग सुळके आले कुठून? अँटन वाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियम-थोरियमच्या प्रमाणावरून सुळक्यांचं वय काढलं. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: शेवटची वाढ सुमारे चार लाख वर्षांपूर्वीची. तेव्हाची पृथ्वी उद्योगयुगाआधीच्या मानाने साधारण दीड अंशच गरम होती. तेवढ्यानेही इतक्या उत्तरेची जमीन वितळली होती.

अशा बारमाही गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यात गवत, मुळं, मॅमथची हाडं हजारो वर्षं न कुजता पडून आहेत. उत्तर गोलार्धातल्या या साठ्यात अंदाजे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की जिवाणू जेवायला बसतात. कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड सुटतो, दलदलीत मिथेनही.

पूर्वी असा कार्बन सुटला होता का? त्याची नोंद अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांत आहे. सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरताना, हवेतला कार्बन डायऑक्साइड दोनेक शतकांत दहा लाखांमागे दहा-बारा भागांनी वाढला. समुद्र चढला, सायबेरियाचा गोठलेला किनारा बुडाला आणि तिथला कार्बन सुटला, असं काही शास्त्रज्ञ मानतात. इतर जण महासागराच्या प्रवाहांकडे बोट दाखवतात. आज तेवढी वाढ पाचेक वर्षांत होते.

‘मिथेन बॉम्ब’, म्हणजे गोठलेल्या जमिनीतून एकदम मिथेन उसळेल ही भीती, हा बातम्यांचा लाडका मथळा. अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीवर एकेका नमुन्यासाठी टनभर बर्फ वितळवून त्यातल्या मिथेनमधला, कार्बनचं वय सांगणारा कार्बन-१४ मोजला गेला. हिमयुगाच्या अखेरीस वाढलेल्या मिथेनमध्ये जुन्या, गोठलेल्या कार्बनचा वाटा किरकोळ निघाला. बॉम्ब फुटलाच नव्हता! पण एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो.

आपल्याकडेही गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ साली सुरू झालेलं ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र तेच चालवतं, आणि तिथली जमीनही पर्माफ्रॉस्टच. विज्ञान शाखा घेणाऱ्यांनी वास्कोचा पत्ता लिहून ठेवायला हरकत नाही.